दप्तर: कुणाचं ऑफिस, कुणाची वही, आपली पाठीवरची पिशवी

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत आमच्या शेजारची छोटी भेटली. कुटुंब लखनौहून नुकतंच पुण्यात आलेलं. "पापा कुठे आहेत?" विचारलं तर म्हणाली, "दफ्तर में." माझ्या मुलाने लगेच मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहिलं.

दोघांच्या तोंडी शब्द एकच होता आणि तो फार जुना आहे. मुळात ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवीसनपूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवलंय, की आयोनियन ग्रीक पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांनाही कातडीच म्हणतात. कारण पपायरस मिळेनासा झाला तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. म्हणजे कातडं गेलं तरी नाव चिकटून राहिलं होतं.

पुढे फारसी आणि अरबीत 'दफ्तर' म्हणजे वही, नोंदवही. तुर्कीत 'देफ्तेर' आणि स्वाहिलीत 'दफ्तारी' म्हणजे वहीच. इंडोनेशियात 'दाफ्तार' म्हणजे यादी. हिंदी-उर्दूत, नोंदवह्या ठेवतात ती कचेरी. गंमत ग्रीकांची: त्यांचाच शब्द तुर्कीतून 'तेफ्तेरी' होऊन घरी परतला, तो दुकानदाराची उधारीची वही बनून!

मराठीत तो फारसी कारभाराबरोबर आला आणि पुण्यात चांगलाच रुजला. इथल्या पुराभिलेखागाराला आजही सगळे पेशवे दप्तर म्हणतात. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. तिथले मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याला म्हणतात 'रुमाल'. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा, तो पुसायचा तो रुमाल. पुण्यात मात्र रुमालात हिशेब, पत्रं, सनदा. अभ्यासक सहज म्हणतात, "तो रुमाल काढा." मला हे फार आवडतं.

शाळेच्या दप्तराचं मूळही या गाठोड्यातच असावं असं मला वाटतं. जुन्या पिढीतली मुलं पाटी-पुस्तकं फडक्यात बांधून शाळेत जात. कागद बांधलेलं ते दप्तर, मग पुस्तकं बांधलेलं का नाही? गुजरातीतही शाळेची पिशवी 'दफ्तर'च. मोठ्यांच्या बोलण्यात जुना अर्थ अजून टिकून आहे: प्रकरण दप्तरी दाखल होतं, आणि सरकारी कामातल्या दिरंगाईला आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याला लोक 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात.

आता 'डिफ्थेरा' पुन्हा एकदा म्हणून पाहा. १८२६ मध्ये ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरांनी घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या आजाराला याच शब्दावरून नाव दिलं. तो डिप्थीरिया, आपला घटसर्प. त्याच्यावरच्या त्रिगुणी लशीचा बूस्टर मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षी देतात, पाठीवर दप्तर येतं त्याच सुमारास.