आकार आधी की अवस्था?

पेशीचा आकार बदलला म्हणून तिची अवस्था, म्हणजे ती जगणं, वाढणं किंवा वेगळ्या प्रकारची होणं, बदलते, की अवस्था बदलली म्हणून आकार, हा प्रश्न पवईतल्या अभियंत्यांना आणि खारघरच्या कर्करोग संशोधकांना सारखाच पडतो. मुंबईत तो तोंडाच्या कर्करोगामुळे जास्त जवळचा झाला आहे. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालात कोलाजेन हे तंतुमय प्रथिन साठतं, आतलं अस्तर ताठरतं, तोंड उघडेनासं होतं. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

आकार हा जनुकांच्या कामाचा निव्वळ परिणाम, असं फार काळ मानलं गेलं. १९७८ साली दिसलं की पेशी जितकी गोल, तितकी तिची डीएनए-निर्मिती कमी. पण माझ्या मते निर्णायक प्रयोग १९९७चा. रक्तकेशिकांच्या पेशींना चिकटायला जागा तेवढीच ठेवली, फक्त ती बारीक ठिपक्यांत विखरून दिली. ठिपक्यांवर ताणून पसरलेल्या पेशी जगल्या, एकाच छोट्या जागेत आखडलेल्या मेल्या. २००६ साली अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, सुमारे १० किलोपास्कल इतक्या मध्यम कडकपणाच्या जेलवर स्नायूंसारख्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या झाल्या.

खरा वाद ‘ईएमटी’चा, म्हणजे अस्तराची पेशी शेजारणींना सोडून एकटी फिरू लागते त्या बदलाचा. १९८२ साली डोळ्याच्या भिंगाच्या पेशी कोलाजेन जेलमध्ये ठेवल्यावर लांबट होऊन निघून जाताना दिसल्या. त्यानंतर मात्र हालचाल बघण्याऐवजी पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटलं, फिरत्या पेशींत आढळणारं व्हिमेंटिन वाढलं, एवढ्या रेण्वीय खुणांवर निवाडा होऊ लागला. सोय झाली, घोळही झाला. २०१५ साली उंदरांवरच्या दोन अभ्यासांनी सांगितलं की कर्करोग पसरायला ईएमटी लागतच नाही. २०१७ साली प्रत्युत्तर आलं: पेशींचा माग काढायला निवडलेली खूणच त्या बदलात क्वचित उमटते, मग ती दिसली नाही म्हणून बदल झाला नाही असं कसं म्हणता येईल? हा आक्षेप मला रास्त वाटतो. अखेर २०२०च्या ईएमटी-संशोधकांच्या सहमतीपत्रात केवळ रेण्वीय खुणांवर निष्कर्ष काढू नये, पेशीचं वागणंही बघावं, असं ठरलं. अधल्यामधल्या अवस्थाही त्यात मान्य झाल्या.

रुग्णाच्या गालातून काढलेला तुकडा मात्र पेशी मारून टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये जातो. त्यातली पेशी हलत होती की नाही, हे स्लाइडवर दिसत नाही. तिथे अजून खुणांवरच भिस्त ठेवावी लागते.