माशाच्या पोटातले लाल जंत : औषध घालण्याआधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात एक तक्रार हमखास येते : "टाकीच्या काचेवर पांढरे बारीक किडे वळवळतायत, औषध द्या." या किड्यांना औषध लागत नाही. खाणं जास्त पडलं, खडीत घाण साचली की ते होतात आणि माशांच्या अंगाला लागत नाहीत. खाणं निम्म्यावर आणा, पाईपने खडी साफ करा, आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतात.

खरी काळजी करायची ती लाल जंतांची. गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल, डिस्कस यांपैकी कुणाच्याही शेपटीकडे नीट बघा. मासा एका जागी स्थिर असताना शीच्या जागेतून दोन-चार लालसर धागे बाहेर डोकावतात आणि तो हलला की आत ओढले जातात. हा कॅमॅलॅनस कोटी नावाचा जंत. १९२७ मध्ये जपानमध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि शोभेच्या माशांबरोबर तो जगभर पसरला. कडक तोंडाने तो आतड्याला घट्ट चावून बसतो आणि रक्त पितो, म्हणून रंग लाल. धागा दिसतो तोवर जंत पोटात बराच वाढलेला असतो. कृपा करून चिमट्याने ओढू नका, आतडं फाटतं.

हा जंत अंडी नव्हे, जिवंत पिल्लं पाण्यात सोडतो. निसर्गात ती आधी पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांच्या पोटात जातात आणि तिथून माशात. पण बंद टाकीत हा जंत मधल्या जिवाशिवायही एका माशातून दुसऱ्यात जातो. म्हणून एका माशात दिसला की सगळ्या टाकीला औषध.

मीठ किंवा निळं औषध (मेथिलीन ब्लू) आतड्यापर्यंत पोचत नाही. प्राझिक्वांटेल चपट्या जंतांवर चांगलं, कल्ल्यांतल्या जंतांनी मासा खडीवर अंग घासत असेल तर तेच वापरतो, पण या गोल जंतावर ते चालत नाही. इथे लेव्हामिसोल लागतं, शेळ्या-कोंबड्यांना देतात तेच. प्रमाण लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर मावतात, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. म्हणजे ९० मिलिग्रॅम. पुड्यांची तीव्रता वेगवेगळी असते, तेव्हा पुडी दुकानात आणून दाखवा, मोजून देतो, पैसे घेत नाही.

औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढा, लाइट बंद, हवेचा पंप चालू. लेव्हामिसोल जंताला लुळा करतं, मारतंच असं नाही. मासा जंत बाहेर टाकतो आणि ते तळाशी पडून राहतात. म्हणून २४ तासांनी तळ पाईपने ओढून काढा आणि निम्मं पाणी बदला. हे राहिलं तर सगळं वाया. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच करा, मासे बरे दिसत असले तरी.

नवीन मासा, अगदी आमच्याकडचा असला तरी, तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा आणि त्याची जाळी वेगळी. आमचा माल कोलकाता, चेन्नईहून येतो, वाटेत मासे बऱ्याच ठिकाणच्या पाण्यातून जातात. डासांसाठी डबक्यात सोडलेले गप्पी पकडून घरच्या टाकीत घालू नका. थंडीत हीटर २५-२६ वर ठेवा (डिस्कसला २८-३० लागतं), नाशिकचा गारठा या माशांना मानवत नाही आणि अशक्त मासा जंताला लवकर बळी पडतो.

आजारी मासा नको झाला म्हणून गोदावरीत सोडू नका. हवाईच्या ओढ्यांत हा जंत बाहेरून आणलेल्या माशांबरोबरच शिरला.

शंका असेल तर मासा पिशवीत घालून आणू नका, प्रवासाने तो आणखी खचतो. तो स्थिर असताना मागच्या बाजूचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि टाकीची लांबी-रुंदी-उंची लिहून आणा.