मुंबईतील सार्वजनिक सांस्कृतिक कार्यक्रम

मुंबईत ज्या कार्यक्रमांना कोणालाही जाता येते आणि ज्यांचा खर्च वर्गणीतून, स्वस्त तिकिटांतून, देणग्यांतून किंवा सरकारी निधीतून निघतो, ते सार्वजनिक सांस्कृतिक कार्यक्रम. चाळीतला गणेशोत्सव, वस्तीतले शाहिरी कार्यक्रम, कामगारांच्या नाट्यस्पर्धा, व्याख्यानमाला, शोभायात्रा, रस्त्यावरचे कलामहोत्सव हे सगळे त्यात येतात. नाट्यगृहे आणि कलादालने मुंबईला भरपूर आहेत. तरी या शहराचे सांस्कृतिक जीवन मुख्यतः उभे राहिले ते दोन गोष्टींवर: लोकांनी काढलेली वर्गणी आणि चार माणसे बसतील एवढी मोकळी जागा.

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळींत १८९३ साली मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, असे मानले जाते. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. आज या उत्सवाची चर्चा मूर्तीच्या उंचीवर आणि दर्शनाच्या रांगेवर येऊन थांबते, पण त्याचा सांस्कृतिक भाग चौकात घडत असे. चाळीची रचनाच नाट्यगृहासारखी. मधोमध चौक, भोवती मजल्यामजल्यांवर कठड्याचे सज्जे. खाली सतरंजीवर मुले आणि म्हातारी माणसे, वर कठड्याला रेलून बाकीचे बिऱ्हाडकरू. मेळे, भावगीते, नकला, नाटुकली, शेजारच्या वाडीतल्या पोरांचे एकपात्री प्रयोग याच चौकात होत. मंडळाची दोन पोरे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायची. वर्गणीदारांची नावे खोली नंबरासह माईकवर वाचली जायची, आणि आपले नाव ऐकायला माणसे काम टाकून गॅलरीत येऊन उभी राहायची. कार्यक्रम आपला आहे ही भावना तिथूनच यायची.

गिरणगावाने याला वेगळा बाज दिला. परळ, लालबाग, नायगावच्या वस्त्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार आपापली कला घेऊन आले: भजन, नमन, दशावतार, तमाशा. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ सालचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांच्या डफाने मैदाने भरली. परळचे दामोदर हॉल हे या सगळ्याचे हक्काचे घर. ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ पासूनचे. तिथे व्यावसायिक नाटकेही झाली, पण त्याची खरी ओळख रत्नागिरी आणि रायगडकडच्या चाकरमान्यांच्या शक्ती-तुऱ्याची.

शक्ती-तुरा म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना. एक बाजू शक्तीचे श्रेष्ठत्व गाते, दुसरी शिवाचे. ढोलकीवाला आणि गाणारे मध्ये बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे गोल धरतात. आधी गण, मग गवळण, आणि त्यानंतर सवाल-जवाब, ज्यासाठी प्रेक्षक खरे तर आलेले असतात. समोरच्या शाहिराने टाकलेला पुराणातला प्रश्न सुटला की थिएटर दणाणते. प्रयोग बहुधा गावाच्या मुंबई मंडळाने घेतलेला असतो. तिकिटे मंडळाची माणसेच खपवतात आणि उरलेला पैसा गावच्या देवळाला किंवा शाळेला जातो. या प्रकाराची दखल आपल्या नाट्यसमीक्षेने फारशी घेतली नाही, ही मोठी उणीव म्हणावी लागेल. २०२३ च्या नोव्हेंबरात दामोदर हॉल पुनर्विकासासाठी बंद झाले आणि या मंडळांना दुसरी जागा शोधावी लागली.

सरकारी व्यवस्थेतला महत्त्वाचा टप्पा १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याचा. त्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण केंद्रांनी नाट्य आणि भजन स्पर्धा भरवल्या आणि पाळी संपवून तालमीला येणाऱ्या कामगाराला रंगमंच दिला. महापालिकेची विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे उपनगरांची गरज भागवतात. प्रायोगिक नाटकाला मात्र दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने १९७४ पासून आसरा दिला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने ती चळवळ चालवली. पुढे संस्थेचा मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलला. म्हणजे इथेही वर्ग सुटल्यावर रिकामी होणारी जागाच कामी आली.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनासाठी जमणारा समुदाय सांस्कृतिक कार्यक्रमांच्या यादीत सहसा धरत नाहीत. तो धरायला हवा. शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीते आणि शाहिरी चालू असते, आणि खेड्यातून बिनआरक्षित डब्यातून आलेली बाई परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जाते. कुठल्याही प्रायोजकाशिवाय भरणारा हा ग्रंथबाजार मुंबईतला एक थोर वाचनसोहळा आहे.

दक्षिण मुंबईत १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव भरतो. नऊ दिवस, प्रवेश विनामूल्य. ज्यावरून परिसराला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला व पुढे राणीच्या बागेत ठेवला गेला. २०१७ मध्ये त्या जागी स्वाराविना घोडा उभा राहिला. वांद्र्यातल्या एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके हे भित्तिचित्र २०१४ चे, चर्चगेट स्थानकाच्या भिंतीवरचे गांधीजी त्यानंतरचे. ती पाहायला तिकीट नाही, वेळही काढावा लागत नाही.

अडचणी जागेच्या आणि वेळेच्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. आजारी आणि परीक्षेच्या मुलांसाठी हे योग्यच झाले. पण पहाटेपर्यंत रंगणाऱ्या उघड्यावरच्या मैफली त्यामुळे संपल्या, आणि सकाळी लवकर सुरू होणारी ‘दिवाळी पहाट’ अधिक सोयीची ठरली. शिवाजी पार्क २०१० मध्ये न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवले. चाळी पाडून टॉवर झाले तिथे चौक उरला नाही. गणपती आता पोडियमवर बसतो, कार्यक्रम क्लबहाउसमध्ये होतो, आणि रस्त्यावरून गाणे ऐकून आत वळलेला माणूस वॉचमनच्या वहीत फ्लॅट नंबर काय लिहायचा म्हणून गेटापाशीच थबकतो.