भाताला पुराचं काय होतंय?

भात म्हणजे पाण्यातलंच पीक, पुरानं त्याला काय होतंय, हे लहानपणापासून ऐकतोय. चूक आहे हो. मुळं पाण्यात चालतात, पण अख्खं रोप बुडालं की बऱ्याच जाती आठवडा-दहा दिवसांत मान टाकतात, कारण रोप पाण्याबाहेर यायला भराभर उंच वाढतं आणि त्यातच साठवलेली साखर संपते. ओडिशातल्या एफआर१३ए या भाताच्या वाणात सब१ए नावाचा जीन, म्हणजे जनुक, आहे, २००६ मध्ये ओळखला गेला. तो मुकादमच म्हणा, बाकीच्या जीन्सना सांगतो, वाढ थांबवा, साखर राखून ठेवा. पाणी ओसरलं की रोप परत फुटतं. तोच जीन स्वर्णा या भाताच्या वाणात आणून स्वर्णा-सब१ केला, तो साधारण दोन आठवडे बुडून तगतो. आणि जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेला, नाहीये तो, संकर करूनच आणलाय. मात्र पाणी महिनाभर साचलं तर तोही जातो.