बिडावर उमटलेले आकडे : जुन्या फोर्ड आणि शेव्हरोलेट इंजिनांवरील ओतीव खुणांची पार्श्वभूमी

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागावर, दोन जातींचे आकडे असतात. एक उठावदार, म्हणजे बिडातूनच वर आलेले. दुसरे खोल, म्हणजे पंच आणि हातोड्याने ठोकलेले. उठावदार आकडा फाउंड्रीत जन्मला, खोल आकडा मशीनशॉपमध्ये किंवा जुळणीच्या पट्ट्यावर. पहिला सांगतो की हा तुकडा कोणत्या साच्यातून आणि केव्हा निघाला. दुसरा सांगतो की त्याचे पुढे काय झाले. फाउंड्रीने आपली खूण गिऱ्हाइकासाठी कधीच उमटवली नव्हती, ती स्वतःच्या हिशेबासाठी होती. ओळख पटवताना होणाऱ्या चुका बहुतेक वेळा हे विसरल्यामुळेच होतात.

फाउंड्रीची अडचण साधी होती. ब्लॉक ओतला तेव्हा चांगला दिसतो. दोष कळतो तो काही दिवसांनी, बोअर (सिलिंडरचे भोक) कापताना. कुठे वाळूचा कोअर (आतली पोकळी घडवणारा गाभा) सरकल्यामुळे एका बाजूची भिंत पातळ झालेली असते, कुठे आत वायूची पोकळी राहिलेली असते. तोवर त्याच पॅटर्नवरून, म्हणजे वाळूत साचा उमटवणाऱ्या नमुन्यावरून, शेकडो नग निघून गेलेले असतात. कोणता पॅटर्न, कोणती कोअरपेटी, कोणता दिवस, हे कळल्याशिवाय दोषाचे मूळ सापडत नाही. म्हणून पॅटर्नवर उठावदार अंक बसवले जात. वाळूत ते खोलगट उमटत आणि बिडात पुन्हा वर येत. मुख्य क्रमांक पॅटर्नमध्ये कायमचा असे. तारखेची मात्र छोटी सुटी पट्टी असे, ती दोन स्क्रूंनी बसवून रोज बदलत. शेव्हरोलेटच्या अनेक ब्लॉकवर तारखेच्या दोन्ही टोकांना त्या स्क्रूंची डोकी, खाचेसकट, बिडात उमटलेली दिसतात. पट्टी उलटी बसली तर तारीखही उलटी येते, त्यामुळे उलटी तारीख दिसली म्हणून ब्लॉक बनावट ठरत नाही. काही ब्लॉकवर घड्याळासारखी छोटी चकती आणि बाण असतो, ती ओतण्याच्या वेळेची किंवा पाळीची नोंद. मुख्य क्रमांकाशेजारचा सुटा एक-दोन आकडी अंक बहुधा पॅटर्नचा किंवा कोअरपेटीचा असतो. तो मुख्य क्रमांकाला जोडून तक्त्यात शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

फोर्डच्या क्रमांकांना मोठी परंपरा आहे. १९२८ च्या मॉडेल ए पासून ब्लॉकचा मूळ भाग-क्रमांक ६०१५, आणि त्याआधी मॉडेलचे अक्षर : ए-६०१५. ६००० ची मालिका इंजिनाची, त्यात ६०४९ म्हणजे सिलिंडर हेड, ६३०३ म्हणजे क्रँकशाफ्ट. मॉडेल बदलले की पुढचा उपसर्ग बदले, मधला आकडा तोच राही. १९३२ च्या व्ही-८ साठी उपसर्ग १८, १९३३-३४ साठी ४०, १९३५ ला ४८, १९३६ ला ६८, १९३७ ला ७८. मग ८१ए, ९१ए, ०१ए, ११ए आणि १९४२ साठी २१ए. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आहे, हे इथे लक्षात येते. युद्धानंतरच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेल्या) ब्लॉकवर बेलहाऊसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, माथ्यावर ५९एबी असे उठावदार अक्षर दिसते, ते याच ओळीतले. १९४९ पासूनच्या मालिकेची ओळख ८बीए.

फ्लॅटहेडच्या बाबतीत आकड्यापेक्षा आकार जास्त भरवशाचा. १९३२ पासूनच्या हेडला २१ स्टड (हेड आवळण्याचे बोल्ट), आणि १९३८ मध्ये ते २४ झाले. ५९एबी ब्लॉकला बेलहाऊसिंगचा अर्धा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला असतो, तर ८बीए ला बेलहाऊसिंग वेगळे, बोल्टने बसणारे. म्हणजे खूण गंजून गेली असली तरी मागून एक नजर टाकल्यावर दोघांतला फरक कळतो. क्षमता मात्र खुणेवरून ठरवू नये. २२१ घनइंचाचा बोअर ३ १/१६ इंच, २३९ चा ३ ३/१६ इंच. मर्क्युरीचे २५५ हे २३९ च्याच बोअरवर ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली प्रवासाचा) क्रँक बसवून झालेले. ब्लॉकमध्ये कोणता क्रँक आहे हे बाहेरचे बीड सांगू शकत नाही. आणि या इंजिनांचा खरा शत्रू म्हणजे व्हॉल्व्हसीटपासून बोअरकडे जाणारी भेग. तिच्याबद्दलही कोणतीच खूण बोलत नाही, त्यासाठी चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी करावीच लागते. ती आधी, पैसे नंतर.

१९५० च्या दशकात फोर्डने काही काळ ईसीझेड सारखी तीन अक्षरी नावे वापरली. दशकाच्या अखेरीला जी पद्धत रूढ झाली तीच आज सर्वांत जास्त वाचली जाते. उदाहरणार्थ सी५एई-६०१५-ई. पहिले अक्षर दशक : बी म्हणजे १९५०, सी म्हणजे १९६०, डी म्हणजे १९७०. पुढचा आकडा वर्ष, म्हणून सी५ म्हणजे १९६५. तिसरे अक्षर गाडीचे : ए मोठ्या गाड्यांसाठी, डी फाल्कन, ओ फेअरलेन, झेड मस्टँग, एस थंडरबर्ड, टी ट्रक. चौथे ई म्हणजे इंजिन विभाग. मग तोच जुना ६०१५, आणि शेवटी आराखड्यातल्या बदलाचे अक्षर.

सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या अक्षराने केला आहे. हा भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला, एवढेच ते सांगते. तो कोणत्या गाडीत बसला ते नाही. मस्टँगमधल्या २८९ घनइंची इंजिनांवर सी५एई-६०१५-ई किंवा सी६एई-६०१५-सी हे क्रमांक सर्रास असतात, म्हणजे मोठ्या गाडीचे ए. ‘झेड नाही, म्हणजे मूळचा नाही’ असे समजून अस्सल ब्लॉक नाकारले जातात, ही फार खेदाची गोष्ट आहे. हा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या मागच्या खालच्या अंगाला, स्टार्टरच्या वर असतो आणि स्टार्टर काढल्याशिवाय बहुधा नीट दिसत नाही. त्याच वेळी बेलहाऊसिंगचे बोल्ट मोजून घ्यावेत : सुरुवातीच्या २८९ ला पाच, १९६५ च्या मॉडेलपासून सहा. याहून मोठी फसगत फोर्डच्या मोठ्या व्ही-८ इंजिनांच्या एफई मालिकेत होते. तिथल्या अनेक ब्लॉकच्या पुढच्या अंगावर ३५२ असे ठळक उठावदार दिसते. तो ३५२ चा ब्लॉक असेल, ३९० चा असेल किंवा ४२८ चाही. पॅटर्नवरचा जुना आकडा काढण्याची फाउंड्रीला गरज वाटली नाही, एवढेच. बोअर आणि स्ट्रोक मोजणे हाच तिथे उपाय.

शेव्हरोलेटचा मार्ग वेगळा. तिथे अक्षरांची संगती नाही, नुसता सात आकडी क्रमांक. १९५५ च्या पहिल्या २६५ घनइंची स्मॉल ब्लॉकचा (शेव्हरोलेटच्या आटोपशीर व्ही-८ चा) क्रमांक ३७०३५२४, आणि त्या ब्लॉकला ऑइल फिल्टर बसवायची जागाच नाही. क्रमांकाची जागा ब्लॉकच्या मागे, बेलहाऊसिंगच्या कडेवर डावीकडे. तारीख बहुतेक वेळा त्याच कडेवर उजवीकडे. इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकी माहितीत ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि त्यामुळे माणूस भलत्याच बाजूला घासत बसतो. डावे-उजवे नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर धरावे.

सात आकडी क्रमांक कच्च्या ओतीवाचा असल्याने एकाच ओतीवातून वेगवेगळी इंजिने निघतात. ३९७००१० हा त्याचा उत्तम नमुना. १९६९ पासून पुढे कितीतरी वर्षे चाललेला हा ब्लॉक ४ इंच बोअरचा. त्यात ३ इंच स्ट्रोकचा क्रँक बसला की ३०२, ३.२५ इंचाचा बसला की ३२७, ३.४८ इंचाचा बसला की ३५०. मेन बेअरिंगची कॅप दोन बोल्टची की चार बोल्टची, तेही बाहेरून कळत नाही, चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) खोलावाच लागतो. विकणारा नुसता ०१० चा (क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांचा) फोटो दाखवून ‘चार बोल्टचा’ म्हणत असेल, तर चेंबर खोललेला फोटो मागावा.

तारखांच्या बाबतीत दोन कंपन्यांमधला फरक बारीक आहे, पण नडतो. फोर्ड आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिते. शेव्हरोलेट महिना, दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. महिन्यांना दोघांकडेही ए पासून अक्षरे आहेत, पण फोर्ड आय हे अक्षर गाळते, कारण ते १ सारखे दिसते. शेव्हरोलेट गाळत नाही. म्हणून फोर्डचे ५जे१२ म्हणजे १२ सप्टेंबर १९६५, आणि शेव्हरोलेटचे जे १२ ५ म्हणजे १२ ऑक्टोबर १९६५. फोर्डचा डिसेंबर एम, शेव्हरोलेटचा एल. शिवाय अमेरिकी मॉडेल-वर्ष शरद ऋतूत सुरू होते. सप्टेंबर १९६५ चा ब्लॉक बहुधा १९६६ च्या मॉडेलचा, त्यावर सी५ असे का असेना, कारण सी५ हे आराखड्याचे वर्ष. एकच आकडा दिल्याने दशकाचा प्रश्न उरतो : एफ १२ ० म्हणजे जून १९६० की १९७०? ते मुख्य क्रमांकावरून सुटते. ३९७००१० वर ती तारीख असेल तर १९६० शक्यच नाही.

खोल ठोकलेले आकडे हा वेगळा कारभार. शेव्हरोलेट स्मॉल ब्लॉकवर ते उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट पट्टीवर असतात. व्ही०११८डीझेड याचा अर्थ फ्लिंटच्या कारखान्यात १८ जानेवारीला जुळणी, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ कमॅरोचे ३०२. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चोरीला आळा घालण्यासाठी गाडीच्या क्रमांकाचा काही भागही इथे ठोकला जाऊ लागला, आणि ‘मॅचिंग नंबर’ (गाडीचा आणि इंजिनावरचा क्रमांक जुळणे) या कल्पनेला आजची किंमत आली ती त्यामुळे. आता तारखांची साखळी जुळवता येते : आधी ओतणे, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची. समजा कडेवर एल ३० ८, म्हणजे ३० डिसेंबर १९६८ असेल, तर १८ जानेवारीची जुळणी पटते. ओतण्याची तारीख जुळणीच्या नंतरची निघाली तर खोल आकडे नंतर ठोकलेले आहेत, यात शंका नको.

ही पट्टी हेडच्या बैठकीच्याच पातळीत कापलेली असते. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. कारखान्यातल्या ब्रोच (दातेरी पात्याने पृष्ठभाग कापणाऱ्या) यंत्राच्या बारीक समांतर रेघा तिच्यावर पुढून मागे गेलेल्या दिसतात. त्या नाहीशा होऊन तिथे गोल किंवा आडवे ओरखडे असतील, तर पट्टी पुन्हा घासली आहे. पण घासणारा दरवेळी लबाडच असतो असे नाही. ब्लॉकचा माथा सरळ करून घेताना मशीनवाला तीच पट्टी कापून टाकतो आणि अस्सल इंजिनाची नोंद कायमची जाते. ब्लॉक देण्याआधी पट्टीचे फोटो घ्यावेत आणि ती वगळून कापायला चिठ्ठीवर लिहून द्यावे.

हेडचे क्रमांक टॅपेट कव्हरखाली असतात. टोकावर दोन उंचवटे असलेले ‘कॅमल हंप’ हेड प्रसिद्ध आहे, क्रमांक ३७८२४६१. पण तसेच उंचवटे ३८९०४६२, ३९१७२९१ आणि ३९२७१८६ वरही आहेत, आणि एकाच ओतीवात १.९४ इंची किंवा २.०२ इंची इनटेक व्हॉल्व्ह असू शकतो. उंचवटे पाहून भाव ठरवू नये. ४०० घनइंची ब्लॉकवर मात्र दुसरे हेड बसवताना जास्त जपावे. त्याचे सिलिंडर एकमेकांना चिकटून ओतलेले आहेत आणि माथ्यावर वाफ जायची छोटी छिद्रे आहेत. हेडमध्ये तशी छिद्रे पाडली नाहीत तर वाफ अडते आणि गॅस्केट जाते. क्रँक ओतीव की फोर्ज केलेला, हे क्रमांक न वाचताही कळते : ओतीवावर साच्याच्या जोडाची रेघ दोऱ्यासारखी बारीक, फोर्जवर ती बोटभर रुंद आणि घासलेली.

टायमिंग कव्हरखाली दिसणाऱ्या ०१० आणि ०२० या आकड्यांवरून ‘इतके टक्के कथील, इतके टक्के निकेल’ अशी समजूत पसरली आहे. आमच्या मते तिला आधार नाही. वीस टक्के निकेल असलेले बीड ही वेगळीच, चुंबकाला न चिकटणारी महाग धातू असते. रोजच्या गाडीचा ब्लॉक तिचा कोणी ओतत नाही. आणि ०१० हे ३९७००१० चेच शेवटचे तीन आकडे आहेत. त्या समजुतीवर विसंबून ०.०६० इंच बोअर वाढवण्यापेक्षा अल्ट्रासोनिक यंत्राने भिंतीची जाडी मोजावी, कारण कोअर सरकलेला असेल तर निकेल वाचवणार नाही.

वाचण्याची रीत सोपी आहे, घाई नको एवढेच. आधी लाकडी पट्टीने चिकटा काढावा, मग रॉकेल आणि पितळी ब्रश. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा उठावदार अंकाच्या कडा खातो. खोल अंकांवर तर तारेचा ब्रशही नको. कोरडे झाल्यावर अंकांच्या माथ्यावर खडू आडवा फिरवावा, दिवे मालवून टॉर्च अगदी तिरपा धरावा आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यावेत. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर उमटलेला ठसा फोटोपेक्षाही स्पष्ट येतो. ३ आणि ८, ५ आणि ६, सी आणि जी, बी आणि ८ यांत शंका राहिली तर दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात आणि बोअर, बोल्ट, छिद्रे पाहून एक गाळावी.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली, आणि फोर्डची भारतातली कंपनी १९२६ पासून कॅनडाच्या फोर्डच्या अखत्यारीत होती. म्हणजे गाडी जुळली मुंबईत, पण इंजिन ओतले गेले समुद्रापार. अमेरिकेतल्या गाड्यांसाठी बनवलेले तारखांच्या अंतराचे ठोकताळे अशा गाडीला जसेच्या तसे लावू नयेत, कारण सुट्या भागांचा जहाजाचा प्रवास मध्ये आहे. आरसी बुकातला इंजिन नंबर हा ठोकलेला नंबर असतो, ओतीव क्रमांक नव्हे. पूर्वी नोंद करताना कुणी ओतीव क्रमांकच लिहून ठेवला असेल, तर त्याच साच्यातल्या असंख्य ब्लॉकशी तो जुळेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हीए मालिकेत नोंदणी मिळते. तिच्यासाठी अर्ज करण्याआधी ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्डवरचे ओतीव क्रमांक, तारखा आणि ठोकलेला नंबर एकाच कागदावर, प्रत्येकाची जागा लिहून, फोटोंसह काढून ठेवावेत. रंग देण्याच्या आधी.