शेजाऱ्यांनी ठेवलेली नावं

जर्मन माणूस आपल्या देशाला जर्मनी म्हणत नाही, डॉइचलांड म्हणतो. फ्रेंच माणसासाठी तोच देश आल्मान्य, फिनलंडमध्ये साक्सा आणि पोलंडमध्ये न्येम्त्सी. ही एकाच शब्दाची बदललेली रूपं नाहीत. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

जर्मनी हे एकसंध राष्ट्र झालं ते १८७१ साली. त्याआधी कितीतरी शतकं तिथे निरनिराळ्या टोळ्या आणि पुढे लहानमोठी राज्यं होती. ज्या शेजाऱ्याची गाठ ज्या टोळीशी पडली, तिचंच नाव त्याने सगळ्यांना लावलं. ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात अलेमान्नी राहत, म्हणून फ्रेंचांचं आल्मान्य. उत्तरेत सॅक्सन होते, त्यांच्यावरून फिनिश साक्सा. 'जर्मानिया' हे रोमनांचं नाव. ज्युलियस सीझरने ऱ्हाईनपलीकडच्या टोळ्यांना ते सरसकट लावलं आणि लॅटिनमधून ते इंग्रजीत आलं. या नावांचा नकाशा काढला, तर कोण कुणाला कुठे भेटलं हेच त्यावर उमटेल.

स्लाव लोकांनी, म्हणजे पोलिश, रशियन वगैरेंनी, मात्र टोळीचं नाव घेतलंच नाही. त्यांच्या जुन्या भाषेत 'नेम' म्हणजे मुका. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, तो मुका! न्येम्त्सी हे नाव त्यातूनच आलं. 'नावं ठेवणे' या आपल्या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात. अर्थात असं करणारे स्लाव एकटे नव्हते. ज्यांची बोली 'बर्बर' अशी ऐकू येई, त्यांना ग्रीकांनी 'बार्बारोस' म्हटलं, आणि संस्कृतातल्या 'म्लेच्छ'मागेही अस्पष्ट बोलण्याचाच अर्थ आहे.

मला सर्वांत भावतं ते जर्मनांनी स्वतः घेतलेलं नाव. 'डॉइच' हा शब्द मुळात देशाचा नाही आणि वंशाचाही नाही, तो भाषेचा आहे. जुन्या जर्मनमध्ये 'डिओट' म्हणजे लोक. त्यावरून 'डिउटिस्क', म्हणजे लोकांची (बोली). चर्च आणि दरबार लॅटिनमध्ये चाले, सामान्य माणसं बोलत ती ही. संस्कृतसमोर प्राकृत, तसंच हे नातं. या शब्दाचं लॅटिन रूप इसवी सन ७८६ मधल्या एका पत्रात सापडतं. इंग्लंडमधल्या धर्मसभेचे ठराव लॅटिनमध्ये आणि लोकभाषेत वाचून दाखवले, असं त्यात पोपला कळवलं आहे. म्हणजे शब्द तेव्हा इंग्लंडमधल्या बोलीसाठी वापरला गेला होता! बोलीवरून तो बोलणाऱ्यांवर आला आणि त्यांच्यावरून भूमीवर. इंग्रजीतला 'डच' हा त्याचाच भाऊ. पुढे तो फक्त नेदरलँड्सच्या लोकांपुरता उरला. जपानी 'दोइत्सु' त्याच डचांच्या भाषेतून आलं.

स्लावांचा तो 'मुका' शब्दही बराच फिरला. तुर्कांनी तो उचलला आणि ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या मुलखाला लावला. तिथून तो अरबीत गेला. अरबीत जर्मनीला आज अल्मानिया म्हणतात, तर 'अन-निम्सा' म्हणजे ऑस्ट्रिया.