कुंपणवाला: आरोपीचा ‘सुधारक’ कसा झाला

इंग्लंडमधली गायराने बहुतेक ठिकाणी गावाच्या मालकीची नव्हती. जमीन जमीनदाराची, हक्क गावकऱ्यांचे: गुरे चारणे, सरपण तोडणे, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणणे. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने जमीनदाराला पडीक रान बंदिस्त करायची मुभा दिली. कुळांना पुरेशी चराई उरावी, एवढीच अट. पुरेशी म्हणजे किती, यावर तंटे होणारच होते.

पुढे मेंढ्यांसाठी शेते मोडू लागली, तेव्हा ‘एन्क्लोझर’ म्हणजे कुंपण घालणारा, हा आरोप झाला. मात्र नुसते कुंपण हा गुन्हा नव्हता. १५४८ मध्ये कुंपणांच्या चौकशी आयोगाच्या जॉन हेल्सने अर्थ नेमका केला: ज्या स्वतःच्या जमिनीवर इतरांचा हक्क नाही, तिला कुंपण घालणारा यात येत नाही, दुसऱ्यांचे गायरान बळकावणारा, किंवा शेतकऱ्यांची घरे पाडून नांगरटीचे कुरण करणारा येतो. पुढच्याच वर्षी नॉरफोकमध्ये जमाव रॉबर्ट केटची कुंपणे पाडायला आला. केटने मागणी मान्य केली आणि तोच बंडाचा पुढारी झाला. डिसेंबरात त्याला फाशी झाली.

गाव ओस पाडणाऱ्याला ‘डिपॉप्युलेटर’ असा आणखी जड शब्द होता. १६०७ च्या मिडलँड्समधल्या उठावात कुंपणे आडवी करणाऱ्यांना ‘लेव्हलर’ (सपाट करणारे) आणि ‘डिगर’ (खणणारे) म्हटले गेले. याच नावांचे राजकीय गट १६४० च्या दशकातले, म्हणजे बरेच नंतरचे.

अठराव्या शतकात बंदिस्तीचे काम संसदेकडे गेले आणि भाषाच पालटली. कायद्यात ‘प्रोप्रायटर’, म्हणजे मालक, अर्ज करत, ‘कमिशनर’ वाटप करत. शेतीविषयक लिखाणात कुंपणवाला ‘इम्प्रूव्हर’, म्हणजे सुधारक, झाला. १६०४ ते १९१४ दरम्यान असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्यांत आला. संमती मोजली जाई ती डोक्यांवर नव्हे, जमिनीच्या किमतीवर. तीन-चतुर्थांश किंवा चार-पंचमांश किमतीचे मालक राजी असले की बहुधा काम भागे. १७७४ नंतर चर्चच्या दारावर तीन रविवार नोटीस लावणे सक्तीचे झाले, पण संमतीचे वजन जमिनीच्या किमतीवरच राहिले.

छोट्या मालकांचे कंबरडे मोडले ते कुंपणानेच. वाटणीला आलेल्या तुकड्याभोवती ठरल्या मुदतीत स्वखर्चाने चर खणून हॉथॉर्नची रोपे लावायची. गुरे अडवण्याइतकी वई दाट व्हायला वर्षे लागतात, तोवर रोपे वाचवायला लाकडी कठडाही हवा. तुकडा जितका लहान, तितका एकरी खर्च जास्त. त्यात कायद्याचा आणि मोजणीचा वाटा. अनेकांनी तुकडा शेजारच्या मोठ्या मालकाला विकला. बंदिस्तीचा मोठा पुरस्कर्ता आर्थर यंग यानेच १८०१ मध्ये लिहिले की वीसपैकी एकोणीस कायद्यांत गरिबांचे नुकसानच झाले.